भेंडी कोरडी होईपर्यंत

कापलेली भेंडी धुवायची नसते, ही गोष्ट बहुतेकांना कुणी न सांगता कळते. प्रस्तावनाला ती चाळिशी ओलांडल्यावर कळली, आणि तीही कढईत उलथनं हात न लावता उभं राहिल्यावर कितीतरी दिवसांनी.

प्रस्तावना हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. पाणी हवं असलं तरी तहानेची थोडी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय या मुलीला पुढे जाता येत नाही, असं आईचं निरीक्षण होतं आणि त्यावरून हे नाव आईनेच ठेवलं होतं. आधी ते घरभर झालं, मग इमारतभर. नोकरीच्या ठिकाणी मात्र तिला मान होता. एका प्रकाशनसंस्थेत ती दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायची. दिवसभर लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातूनही काही चुकू शकतं याचा विसर पडतो. स्वयंपाकघर ही आठवण फार झटपट करून देतं.

आई गेली आणि स्वयंपाकघर प्रस्तावनाच्या ताब्यात आलं. एखाद्या देशाचा कारभार रातोरात तिथल्या ग्रंथपालाच्या हाती यावा, तसं. डबे कुठे आहेत इथपासून सुरुवात होती. जिरं आणि ओवा यांतला फरक तिला वर्णनावरून माहीत होता, समोरासमोर ओळख नव्हती.

तिचं हसं झालं असतं तरी तिला चाललं असतं. पण हसायला कुणी नव्हतं. बाबा हसत नव्हते, चिडत नव्हते, नावंही ठेवत नव्हते. स्वतःच्याच घरात ते पाहुण्यासारखे जेवायला बसत. "कशाला एवढा त्रास घेतलास," म्हणत, पाण्याचा तांब्या घेताना "घेऊ का?" असं विचारत, एका पोळीवर हात धुवत आणि आपलं ताट आपणच घासून ठेवत. एका सकाळी ते पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडताना तिला दिसले. तिला पाहून त्यांनी खिळा खिशात टाकला आणि आज हवा बरी आहे, असं म्हणाले. हवा बरी नव्हती.

त्या दिवशी तिने ठरवलं. काय वाटेल ते झालं तरी बाबांना पोटभर जेवायला लावायचं. आणि त्यांची आवडती भाजी कोणती, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. भेंडी. सुकी, मोकळी, हिरवीगार, एक फोड दुसरीला चिकटलेली नाही अशी. आई ती आठवड्यातून दोनदा तरी करायची. "बाबांना आवडते ना, म्हणून," ती म्हणायची. "तूही खा चार फोडी. तोंड वाकडं केलंस तर त्यांना वाईट वाटेल."

इथे एक खुलासा करायला हवा. प्रस्तावनाला भेंडी आवडत नाही. कळायला लागल्यापासून आवडलेली नाही. पण बाबांना वाईट वाटू नये म्हणून लहानपणापासून ती भेंडी गोळ्या गिळाव्यात तशी पाण्याबरोबर गिळत आली होती, आणि आपल्या या मूक त्यागाबद्दल तिला मनातून बराच अभिमानही होता.

पहिल्या भेंडीचं काय झालं ते वर आलंच आहे. त्या लगद्यातलं थोडं बाबांनी खाल्लं. खाताना दोनदा पाणी प्यायले आणि म्हणाले, "उत्तम." तिला वाटलं, आपण भिंतीवर कागद चिकटवायची खळ वाढली असती तरी ते उत्तमच म्हणाले असते.

मग तिने विषयाचा अभ्यास केला. स्वयंपाकाची पुस्तकं आणली, त्यांतल्या विसंगतींवर पेन्सिलने खुणा केल्या आणि एका लेखिकेने एकाच पानावर 'मंद आच' आणि 'मोठी आच' अशी दोन्ही विधानं केली आहेत हे शोधून काढलं. भेंडी मात्र त्या दिवशीही चिकटच झाली.

शेवटी नाइलाजाने मावशीला फोन केला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती दुसऱ्या गावी राहते आणि फोनवर बोलताना मधलं अंतर आवाजानेच कापायचं असतं असा तिचा समज आहे.

"झाकण ठेवलंस?" मावशी ओरडली.

"ठेवलं. म्हणजे त्याचं असं झालं की, वाफेचं तत्त्व लक्षात घेतलं तर—"

"तत्त्व चुलीत घाल! भेंडीवर झाकण ठेवायचंच नाही. वाफ धरली की तार सुटलीच. कळलं का?"

प्रस्तावना फोन ठेवते तोच समोरच्या शिक्षिकाबाई दारात उभ्या. मावशीचा फोन समोरच्या घरात ऐकू जायला काहीच अडचण नसते. बाईंनी सगळं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना समोर वर्ग लागतो.

"मावशी काही म्हणू देत," बाई म्हणाल्या, "झाकण हवंच. फक्त ते खोलगट हवं आणि त्यात पाणी घालायचं. भाजी आपल्याच वाफेवर शिजते, करपत नाही. आणि वरून लिंबू पीळ. आम्ल पडलं की चिकटपणाची काय बिशाद!"

दोन अधिकारी व्यक्तींची मतं परस्परविरोधी असतील तर दोन्ही तपासून पाहावीत, असं प्रस्तावनाला नोकरीने शिकवलं होतं. तिने अर्धा वेळ झाकण ठेवलं आणि अर्धा वेळ काढलं. काढताना झाकणातलं पाणी सबंध कढईत पडलं. त्या दिवशी बाबांना भेंडीचं सूप मिळालं, लिंबू पिळलेलं. त्यांनी ते वाटीने प्यायलं.

"पचायला हलकं आहे," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांनी व्यक्त केलेलं हे सर्वात स्पष्ट मत होतं.

मावशीचा पुन्हा फोन आला. "अगं, मूळ पाप धुण्यात आहे! आधी धुवायची, मग खडखडीत कोरडी करायची, मग कापायची. एकेक भेंडी पुसायची. ताई पुसायची, मी डोळ्यांनी पाहिलंय."

एकेक भेंडी पुसायची, हे शिकल्यासवरल्या माणसाला जरा मागासलेलं वाटतं. प्रस्तावनाने विचार केला, ओले कपडे आपण पुसत बसतो का? वाळत घालतो. मग तिने ओल्या भेंड्या देठाकडून चिमट्यात पकडून बाल्कनीतल्या दोरीवर ओळीने टांगल्या आणि आपल्या बुद्धीवर बेहद्द खूश होऊन आत चहा करायला गेली. बाहेर वारा सुटला होता. तिचं त्याकडे लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात इमारतीचे सचिव उभे होते. ते बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत अपघातांच्या चौकशा करण्यात घालवली, त्यामुळे ते कुणाकडेही आले तरी पंचनामा करायला आल्यासारखेच दिसतात. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत काही भेंड्या.

"या आपल्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

प्रस्तावनाने भेंड्या निरखून पाहिल्या. नाही म्हणता आलं असतं. पण एकीच्या देठाला अजून चिमटा होता.

"त्याचं असं आहे," तिने सुरुवात केली, "भेंडी या भाजीत मुळातच एक प्रकारचा—"

"मी पेपर वाचत बसलो होतो. एक चष्म्यावर पडली."

"लागलं का हो?"

"प्रश्न लागण्याचा नाही, मॅडम. प्रश्न पायंडा पडण्याचा आहे. आज तुमची भेंडी पडली, उद्या कुणाचा भोपळा पडेल. बाल्कनीत भाजी टांगायला परवानगी नाही. बाल्कनीचं दार बंद ठेवा, खिडकीही लावून घ्या." पिशवी त्यांनी परत दिली नाही. पुरावा म्हणून ठेवून घेतली. चिमटा तेवढा काढून दिला.

प्रस्तावनाने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली. लोकांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईला भेंडीच्या चिमट्यासकट रंगेहाथ पकडलं जावं! आई असती तर पोट धरून हसली असती. मागे वळून पाहिलं तर बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उरलेल्या आण इकडे," ते म्हणाले.

त्यांनी टेबलावर जुना टॉवेल पसरला, पंखा मोठा केला, खिशातला रुमाल काढला आणि चष्म्याची काच पुसावी तशी एक भेंडी पुसली. मग दुसरी. प्रस्तावनाही बसली. दोघांनी मिळून भेंड्या पुसल्या. एकीचं टोक मोडून ते म्हणाले, "ही जून आहे. भाजीवाल्याने फसवलं तुला. टोक कट्‌कन मोडायला हवं. इतकी वर्षं मी हेच करत आलोय, मंडईत उभं राहून टोकं मोडायची आणि शिव्या खायच्या."

एवढं लांब वाक्य ते आई गेल्यापासून प्रथमच बोलले होते. प्रस्तावनाने पुढची भेंडी पुसायला घेतली. प्रस्तावना केली असती तर कदाचित ते थांबले असते. शिवाय तिला वाटलं, भेंडी नुसती पुसून माणूस एवढा बोलतो, मग ती नीट झाली तर किती जेवेल!

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः जाऊन भेंडी आणली. कोवळी, टोकं मोडून पारखलेली. धुतली, पुसली, पंख्याखाली ठेवली, कोरडी खडखडीत झाल्यावर कापली. आज काहीही चुकणार नव्हतं. कढई तापली, तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं, हिंग. मग प्रस्तावनाने लाल मिरच्या टाकल्या. पुस्तकात 'दोन-तीन' असं मोघम लिहिलेलं होतं आणि मोघमपणा तिला खपत नाही, म्हणून तिने आपल्या मनाने मूठभर टाकल्या.

सचिवांच्या हुकुमाने बाल्कनीचं दार बंद होतं, खिडकीही बंद होती. मिरच्या काळ्या पडल्या. आधी प्रस्तावनाला ठसका लागला, मग दिवाणखान्यात बाबांना. शहाणपण सुचून तिने मिरच्या उचलून फेकल्या, भेंडी कढईत लोटली आणि मोकळी हवा यावी म्हणून घराचं पुढचं दार सताड उघडलं. हवा आत आली नाही. धूर बाहेर गेला, जिन्यापाशी छताला लावलेल्या धुराची वर्दी देणाऱ्या यंत्राखाली बराच वेळ घुटमळला, आणि भेंडी शिजत आली तोच सगळी इमारत किंचाळायला लागली.

भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्याने खाली अंगणात जमायचं, असा नियम आहे. लोक हाताला लागेल ती मोलाची वस्तू घेऊन निघाले. शिक्षिकाबाईंनी प्रमाणपत्रांची फाइल घेतली. कुणी मांजर घेतलं. प्रस्तावनाने गॅस बंद केला, एका हातात सांडशीने कढई धरली, दुसऱ्या हातात उलथनं घेतलं आणि निघाली. तिला सगळी पुस्तकं पाठ होती. मध्येच सोडलेली भेंडी तार धरते. त्यामुळे सगळा जिना उतरताना ती भाजी हलवत होती.

"अगं, आग लागलीय!" बाई खोकत म्हणाल्या.

"आग नाही हो बाई, फोडणी आहे. तुम्ही पुढे व्हा, इथे जिना अरुंद आहे."

अंगणात सगळे जमले. आगीची गाडी बोलवावी की नाही यावर हात वर करून मतदान चाललं होतं, तेवढ्यात सचिवांची नजर कढईवर गेली. ते जवळ आले आणि त्यांनी हात मागे बांधले.

"धुराचं कारण?"

"फोडणी," प्रस्तावना म्हणाली.

"कशाची?"

प्रस्तावनाने कढई जरा मागे घेतली. सचिवांनी कढईत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा, जुना गुन्हेगार पुन्हा सापडावा, तसा झाला.

"भेंडी! मॅडम, काल मी तुम्हाला समज दिली होती. काल माझा चष्मा, आज अख्खी इमारत. एवढ्या भाज्या असताना दर वेळी भेंडीच का?"

सगळ्या इमारतीचं लक्ष तिच्याकडे लागलं. आता मात्र प्रस्तावनाला राहवेना. एवढे दिवस आवंढ्याबरोबर गिळलेलं तोंडाशी आलं.

"कारण बाबांना आवडते!" ती म्हणाली.

आणि त्याच क्षणी, तिला वाचवायला पुढे सरसावलेले बाबा म्हणाले, "तिच्यावर ओरडू नका हो. भेंडी तिची फार आवडती आहे."

भोंगा नेमका तेव्हाच बंद पडला.

सचिव एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागले. चौकशीत असा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. "म्हणजे नक्की कुणाची आवडती?" त्यांनी विचारलं.

"बाबांची," प्रस्तावना म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "हो ना बाबा? आई नेहमी म्हणायची, बाबांना आवडते म्हणून करते."

"मला म्हणायची, लेकीला आवडते," बाबा म्हणाले. "तुम्ही खाल्ली नाहीत तर तीही खाणार नाही, म्हणायची. म्हणून मी..." ते थांबले. "मला भेंडी बघवत नाही गं. लग्नाआधीपासून."

"आणि मला तरी कुठे आवडते!"

"आवडत नाही?"

"अजिबात नाही!"

शिक्षिकाबाई फाइल छातीशी धरून ऐकत होत्या. "अहो, आवडायची ती वहिनींना!" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे भेंडी झाली की वास घेत वाटी घेऊन दारात हजर. म्हणायच्या, 'आमच्याकडे काय, या दोघांसाठी करावी लागते, माझ्या वाट्याला उरतेच कुठे.'"

"उरतेच कुठे!" बाबा म्हणाले. "कढई तिच्यापुढे असायची! मला ती दर वेळी चमचाभर वाढायची. मला वाटायचं, लेकीसाठी राखून ठेवतेय."

"मलाही चमचाभरच."

स्वतःला हवं म्हणून काही करणं आईला कधी जमलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावावर करणं मात्र तिला फारच छान जमलं होतं. दोन धडधाकट माणसं तिने एकमेकांच्या नावाने एवढी वर्षं भेंडीला बांधून ठेवली होती आणि दोघांनाही आपण हुतात्मे आहोत असं वाटत होतं.

आधी बाबांचे खांदे हलले. प्रस्तावना घाबरून पुढे झाली. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळे पुसत, कढईच्या कडेला हात टेकून. कढई तापलेली असल्यामुळे त्यांनी लगेच हात काढून घेतला आणि "हाय!" म्हणाले, आणि मग तिलाही हसू आवरेना. सचिवांनी वाट पाहिली. दोघं थांबत नाहीत असं पाहून त्यांनी पुरावा तपासावा तशी कढईतली एक फोड उचलून तोंडात टाकली.

"चिकट नाही," त्यांनी जाहीर केलं. "मोकळी आहे. अगदी सुकी." त्यांनी आणखी एक उचलली.

खरोखरच ती झाली होती. सुकी, मोकळी, हिरवीगार. आईची व्हायची तशीच. जिन्यावर झाकण नव्हतं, वारा होता आणि ती सारखी हलवली गेली होती. अंगणातल्या लोकांनी उभ्या उभ्या फोडी उचलल्या आणि कढई बघता बघता रिकामी झाली. समज मात्र दिली गेलीच, तोंडी, दोघांना मिळून.

वर आल्यावर बाबा हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. प्रस्तावनाने हाक मारली नाही. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि सचिवांचं काय व्हायचं ते होवो म्हणून बाल्कनीचं दारही उघडलं.

बाबा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मिरच्यांचा धूर अजून घरात होता, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज पडली नाही.

"दुधी?" ते खुर्चीत बसत म्हणाले.

"काय दुधी?"

"तुला आवडतो का? खरं सांग."

"नाही. तुम्हाला?"

"शक्यच नाही! कारलं?"

"तुमच्यासाठी असतं ना ते?"

बाबांनी जरा विचार केला. "कारलं मला खरंच आवडतं," ते म्हणाले. "निदान मला तसं वाटतं. आता कशाचीच खात्री राहिली नाही. गवार?"

गवार, पडवळ, घोसाळी, एकेक भाजीची उलटतपासणी झाली. बऱ्याच भाज्या निकालात निघाल्या. काहींच्या बाबतीत दोघांचं जोरात भांडण झालं. वांग्यावरून बाबा चक्क चिडले. "वांगं न आवडणाऱ्या माणसाने पुस्तकं वाचून उपयोग काय?" असं म्हणाले, आणि हे वाक्य तिच्या इतकं वर्मी लागलं की तिने उलट उत्तर दिलं.

"बटाटा?" शेवटी तिने विचारलं.

"बटाट्याबद्दल ती कधी काही म्हणाल्याचं आठवत नाही."

"म्हणजे तो आपला."

मग प्रस्तावनाने बटाट्याच्या पातळ काचऱ्या केल्या. मिरची कमी, खिडक्या उघड्या, पुस्तकं मिटलेली. काही काचऱ्या कुरकुरीत झाल्या, काही मऊ, आणि तळाच्या काहींबद्दल न बोललेलंच बरं. बाबांनी पहिला घास घेतला आणि नाक मुरडलं.

"कच्च्या आहेत," ते म्हणाले. "मीठही विसरलीस."

आणि त्यांनी ताट तिच्यापुढे सरकवलं.

"वाढ. आणि पोळी संपवू नकोस, मला अजून हवी आहे."